एका सेकंदातले पन्नास घोडे

बेलवाडीच्या गोल रिंगणात अश्व सुटला की डोळ्याचं पातं लवेपर्यंत तो समोरून पार झालेला असतो. तुकोबांची पालखी बारामती, काटेवाडी करत इंदापूर तालुक्यात शिरते, तेव्हाचं हे रिंगण. वीसेक वर्षांपूर्वी कुणीतरी ते कॅमेऱ्यात टिपलं, डीव्हीडीवर उतरवलं आणि ती चकती नीराकाठच्या सांगवीतल्या एखाद्या कपाटात लग्नाच्या अल्बमशेजारी पडून राहिली, असं समजा. ती आज लॅपटॉपवर लावा आणि घोडा ऐन भरात असताना चित्र थांबवा. त्याच्या मानेच्या, पायांच्या कडा आडव्या रेघांनी चिरल्यासारख्या दिसतील. ‘डीव्हीडी गेली’ म्हणून ती बाजूला टाकणारे पुष्कळ. चकतीला मात्र काहीही झालेलं नसतं. त्या एका चित्रात दोन घोडे असतात, एवढंच.

आपल्याकडच्या पाल पद्धतीत चित्राच्या ५७६ ओळी आणि सेकंदाला २५ चित्रं. पण त्या काळचा कॅमेरा अख्खं चित्र एका दमात घेत नसे. आधी एकाआड एक अशा २८८ ओळी, मग सेकंदाचा पन्नासावा भाग उलटल्यावर मधल्या राहिलेल्या २८८. पिक्चर ट्यूबचा टीव्हीही याच क्रमानं त्या दाखवायचा आणि डोळ्याला सगळं सलग वाटायचं. घोडा सेकंदाला दहा मीटर धावत असेल, तर तेवढ्या वेळात तो २० सेंटीमीटर पुढे सरकतो. आजचा सपाट पडदा दोन्ही वेळच्या ओळी एकदम मांडतो आणि २० सेंटीमीटर अंतरावरचे दोन घोडे एकमेकांत गुंतलेले दिसतात.

आता यातली गंमत बघा. त्या डीव्हीडीत सेकंदाला २५ चित्रं आहेत असं आपण धरून चालतो; प्रत्यक्षात ५० वेगवेगळे क्षण आहेत. रूपांतर करणारी बरीच सॉफ्टवेअर रेघा घालवायच्या म्हणून दोनातला एक क्षण सरळ फेकून देतात, नाहीतर दोन्ही एकमेकांत कालवतात. रेघा जातात, पण घोडा अडखळत धावतो किंवा धुरकट होतो. चांगलं काम करायचं तर प्रत्येक अर्ध्या चित्राच्या गाळलेल्या ओळी आजूबाजूच्या ओळींवरून आणि आधीच्या-नंतरच्या क्षणांवरून भरून काढायच्या आणि सेकंदाला ५० पूर्ण चित्रं करायची. ‘बीडब्ल्यूडीआयएफ’ नावाची फुकट मिळणारी गाळणी हे करते. ‘क्यूटीजीएमसी’ त्याहून सरस, पण संगणकाचा घाम काढते. घरच्या जुन्या चित्रणाच्या दर्जात एवढा फरक दुसऱ्या कशानंच पडत नाही.

व्हीसीडी असेल तर मात्र ही आशा सोडा. तिच्यात ३५२ गुणिले २८८ एवढंच चित्र, सेकंदाला २५. दुसरा क्षण ती बनवतानाच टाकून दिलेला असतो.

रिंगणाची असो वा लग्नाची, डीव्हीडी म्हणजे १.२ मिलिमीटर जाडीची चकती, ०.६ मिलिमीटरचे दोन पापुद्रे चिकटवून केलेली. मधे सेंद्रिय रंगद्रव्याचा पातळ थर असतो आणि मिक्सिंगवाल्याच्या संगणकातल्या लेसरनं तो जागोजागी भाजून खुणा केलेल्या असतात. खुणांच्या वाटेचे दोन शेजारी वेढे ०.७४ मायक्रॉन अंतरावर, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये साडेतेराशे वेढे. ही वाट उलगडून सरळ केली, तर जवळजवळ १२ किलोमीटर भरेल. अशा भाजलेल्या चकतीतलं हे रंगद्रव्य उन्हानं आणि उष्णतेनं विटत जातं, म्हणून खिडकीतल्या शोकेसमध्ये मांडलेल्या डीव्हीडीपेक्षा ट्रंकेत कोंबलेली बहुधा बरी निघते. ओरखड्यांची धास्ती तेवढी घ्यायला नको. रीड आणि सॉलोमन या गणितज्ञांनी १९६० मध्ये मांडलेल्या पद्धतीनं प्रत्येक ३२ केबीच्या तुकड्याबरोबर जादा आकडे लिहिलेले असतात. त्यांच्या जोरावर वाचता न आलेला भाग गणितानंच परत उभा राहतो. चकती पुसताना मात्र मधून कडेकडे सरळ पुसावी, गोल फिरवत नव्हे. आडवा ओरखडा वाटेचा जरासाच भाग खातो. वाटेच्या दिशेनं गेलेला लांबच लांब पट्टा खातो.

आणि एवढ्याशा जागेत मावलंय काय? दोन तासांचं पाल चित्रण न दाबता ठेवायचं तर साधारण ११२ जीबी लागतील. चकतीवर जागा ४.७ जीबी. उरलेलं सगळं एमपेग-२ या दाबण्याच्या पद्धतीनं टाकून दिलं आणि तरी आपण मामाला, मावशीला ओळखतो. या किमयेच्या मुळाशी बंगळूरुत जन्मलेले नासिर अहमद आहेत. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्याबरोबर त्यांनी जानेवारी १९७४ मध्ये ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’ हे गणित प्रसिद्ध केलं. चित्राचे ८ गुणिले ८ ठिपक्यांचे चौकोन करायचे, त्यात डोळ्याला लागतं किती आणि लागत नाही किती हे वेगळं काढायचं आणि न लागणारं सोडून द्यायचं. शिवाय प्रत्येक चित्र पूर्ण लिहायचंच नाही. सातबारा एकदा पूर्ण उतरवावा आणि पुढे फक्त फेरफार नोंदत जावं, तसं दहा-बारा चित्रांमागे एक पूर्ण चित्र आणि मधल्यांसाठी कोणता भाग कुठून कुठे सरकला एवढीच नोंद.

म्हणूनच लग्नाच्या डीव्हीडीत सगळ्यात वाईट दिसतो तो नेमका सगळ्यात महत्त्वाचा क्षण. अंतरपाट धरलेला असतो, मंगलाष्टकं चालू असतात, चित्र कसं स्वच्छ. ‘सावधान’ म्हटल्याबरोबर चारी बाजूंनी अक्षता उडतात. हजारो दाणे, प्रत्येकाची दिशा वेगळी, वेग वेगळा. आधीच्या चित्रातलं काही उचलून सरकवावं तर जुळणारं काहीच सापडत नाही. एमपेगचा सेकंदाचा शिधा ठरलेला, डीव्हीडीत तो फार तर ९.८ मेगाबिट आणि दोन तास बसवायचे तर सरासरी पाचच. मग एमपेग चौकोन ढोबळ करत सुटतं आणि नवरा-नवरीचे चेहरे तेवढ्यापुरते ठोकळ्यांचे होतात. रंगाचंही तसंच. उजेड-अंधार ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांत लिहिलेला, पण रंग ३६० गुणिले २८८ मध्येच. लाल शालूचा रंग काठाबाहेर सांडल्यासारखा दिसतो तो यामुळे.

आपण रूपांतर करताना हे टाकून देणं पुन्हा घडवतो, हे फारसं कुणाच्या ध्यानात येत नाही. डीव्हीडीतून छोटी एमपी४ काढली, ती एडिटिंगमध्ये घातली, तयार झालेली फिल्म व्हॉट्सअॅपवर टाकली, की तीनदा टाकून देणं झालं, आणि दुसऱ्या वेळचं सॉफ्टवेअर पहिल्या वेळचे ठोकळे खरं चित्र समजून जपत बसतं. तेव्हा आधी चकतीची जशीच्या तशी प्रत काढावी, म्हणजे आयएसओ फाइल. चकती रडत असेल तर ‘डीडीरेस्क्यू’सारखा प्रोग्रॅम अडलेल्या जागा सोडून पुढे जातो आणि मग परत येऊन त्यांच्याशी झुंजतो. चकतीवरच्या नुसत्या व्हीओबी फाइली ओढून एडिटरमध्ये टाकू नयेत. त्या एकेक जीबीला तोडलेल्या असतात, आणि ते तोडणं लग्नविधी बघून झालेलं नसतं. सप्तपदीच्या मध्यात आवाज घसरतो तो बहुधा याच सांध्यावर. ‘मेकएमकेव्ही’ हे तुकडे न दाबता एका फाइलीत जोडतं. मग ५० चित्रांचं ते काम ‘एफएफएमपेग’नं करून ‘प्रोरेस’सारख्या एडिटिंगला सोप्या स्वरूपात ठेवायचं. २५ चित्रांना तासाला १८ जीबीच्या आसपास, ५० ना दुप्पट. हार्ड डिस्क भरते. एडिटिंग संपलं की ही मधली फाइल पुसता येते, आयएसओ मात्र ठेवावी.

एक सापळा सांगून ठेवतो. अर्ध्या चित्रांचा क्रम चुकून उलटा धरला, तर रिंगणातला घोडा पुढे-मागे, पुढे-मागे करत पळतो. असं दिसलं की कॅमेऱ्याला किंवा चकतीला बोल लावण्याआधी क्रमाची खूण बदलून बघा.

दुसरं, पडदा भरण्याचा मोह. ७२० गुणिले ५७६ चे ठिपके चौकोनी नसतात; जुन्या चारास-तीन प्रमाणात ते दाखवायचं तर ७६८ गुणिले ५७६ धरावं लागतं. मोठ्या टीव्हीचा पडदा भरावा म्हणून चित्र ताणलं की सडपातळ नवरदेवही दोन हप्ते पुरणपोळ्या खाल्ल्यासारखा दिसतो. वरून-खालून कापलं तर मुंडावळ्या जातात. बाजूला काळ्या पट्ट्या राहू द्याव्यात, त्यानं कुणाचं काही बिघडत नाही.

हल्ली एआयनं चित्र मोठं, धारदार करून मिळतं. मंडपाच्या झालरी, उसाचे फड, रस्ता यांना ते छान जमतं. लांबून घेतलेल्या चेहऱ्यांना मात्र मी ते लावत नाही. वीस-पंचवीस ठिपक्यांत आलेल्या आजीच्या तोंडावर सुरकुती कुठे होती ते त्या यंत्राला माहीत नसतं. ते लाखो परक्या चेहऱ्यांवरून एक बेतून बसवतं.

मूळ कॅसेट सापडली तर डीव्हीडी बाजूला ठेवा. मिनीडीव्ही टेपवर सेकंदाला २५ मेगाबिट चित्र असतं, डीव्हीडीच्या सरासरी पाचपट. पण शूटिंगवाले कॅसेट पुसून पुढच्या लग्नाला वापरत, त्यामुळे अनेक घरांत मिक्सिंग केलेली चकती हेच मूळ. त्यात बदामाच्या आकारात गरगरणारी नवरी, कोपऱ्यातून उमलणारे गुलाब आणि वरातीवर चढवलेलं सिनेमाचं गाणं चित्रात-आवाजात मुरलेलं असतं. ते कोणत्याच गाळणीनं निघत नाही. कापून टाकावं म्हणावं, तर नेमका त्या बदामाच्या मागे कुणीतरी काका नाचत असतो.