हाक आणि आवई : महाडच्या सत्याग्रहातून एक धडा

पनवेलहून निघणारा मुंबई–गोवा महामार्ग महाडला जातो. दरवर्षी मार्च महिन्यात निळे झेंडे लावलेल्या गाड्या या रस्त्याने दक्षिणेकडे जाताना आमचे विद्यार्थी पाहतात. २०२७ साली चवदार तळ्याच्या सत्याग्रहास शंभर वर्षे पूर्ण होतील. या सत्याग्रहाच्या सामाजिक आणि कायदेशीर महत्त्वाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांस येथे त्याच्या एका वेगळ्या बाजूचा विचार करावयाचा आहे. हजारो माणसांनी घरदार सोडून एका ठिकाणी जमावे, यासाठी त्यांना कोणत्या शब्दांत बोलावले जाते आणि ते शब्द मनावर कसे काम करतात, हा तो प्रश्न होय.

हा प्रश्न आम्हांस एका प्रसंगाने पडला. काही वर्षांपूर्वी एके सायंकाळी आमच्या मोबाइलवर एक संदेश आला. दूरच्या एका गावी पुतळ्याची विटंबना झाली आहे, उद्या सकाळी सर्वांनी चौकात जमावे, जो येणार नाही तो समाजाचा नव्हे, असा त्याचा आशय होता. सोबत छायाचित्र होते. आम्ही क्षणाचाही विचार न करता तो संदेश पाच-सहा गटांवर पाठविला. रात्री वसतिगृहातील दहावीची मुले मोर्चास जाण्याची परवानगी मागण्यास आली. त्यांतील एकाने सहज विचारले, "सर, हे नेमके कधी घडले?" आम्हांस उत्तर देता येईना. चौकशी केली, तेव्हा छायाचित्र कित्येक वर्षांपूर्वीचे आणि दुसऱ्याच ठिकाणचे निघाले. इतिहास शिकविणाऱ्या माणसाने साधनाची तारीख न पाहता ते पुढे पाठवावे, याची लाज आम्हांस आजही वाटते.

आता महाडकडे वळू. १९ व २० मार्च १९२७ रोजी तेथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. आपले पनवेलही तेव्हा त्याच कुलाबा जिल्ह्यात होते. रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे, सुरबानाना टिपणीस, संभाजी गायकवाड आदी मंडळींनी परिषदेसाठी परिश्रम घेतले. कार्यकर्ते गावोगाव फिरले. खांद्यावर भाकरीचे गाठोडे घेऊन मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत माणसे मैलोगणती चालत आली. त्यांतील बहुतेकांस अक्षरओळख नव्हती. तरीही ती आली, याची कारणे त्या हाकेच्या घडणीत सापडतात.

पहिले कारण म्हणजे सांगणारा माणूस समोर उभा होता. त्याला प्रश्न विचारता येत होता आणि उद्या काही विपरीत घडले तर जाबही विचारता येणार होता. दुसरे कारण नावात होते. 'अस्पृश्य' म्हटले की दोष त्या माणसाच्याच अंगी असल्याचा भास होतो. 'बहिष्कृत' म्हटले की याला कोणीतरी बाहेर काढले आहे, हे ध्यानात येते. एका शब्दाने लाजेची जागा सवालाने घेतली. तिसरे कारण म्हणजे मागणीला पडताळता येण्याजोगा आधार होता. सार्वजनिक पैशातून बांधलेली वा चालविलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा आदी ठिकाणे अस्पृश्यांना खुली असावीत, असा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत केला होता. महाड नगरपालिकेनेही ५ जानेवारी १९२४ रोजी तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव केला होता. चौथे कारण अनुभवाचे. परिषदेसाठी ४० रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते. गावात भरलेले तळे असताना पाण्याला पैसे मोजावे लागतात, यापुढे वेगळ्या भाषणाची गरज कोठे उरते?

बाबासाहेबांनी त्या भाषणात नुसता राग पेटविला नाही. मृत जनावरांचे मांस सोडा, शिळ्यापाक्या तुकड्यांसाठी हात पसरू नका, मुलांना शिकवा, असे त्यांनी ऐकणाऱ्यांनाच बजावले. जमावाची केवळ स्तुती करणारा वक्ता असे करीत नाही. २० मार्चला लोक शिस्तीने तळ्यावर गेले आणि पाणी प्याले.

त्यानंतर थोड्याच वेळात त्याच गावात दुसरी एक जुळवाजुळव झाली. अस्पृश्य आता वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार आहेत, अशी आवई उठली. मंदिरात जाण्याचा बेत मुळी नव्हताच. पण माणसे काठ्या घेऊन धावली आणि मंडपात जेवत असलेल्या, परतीच्या वाटेला लागलेल्या प्रतिनिधींवर तुटून पडली. या आवईची घडणही पाहण्यासारखी आहे. तिला सांगणारा नव्हता. जो तो ऐकलेले सांगत होता. तिच्यात थोडे सत्य मिसळले होते, कारण लोक तळ्यावर खरोखरच गेले होते. तिने पवित्र स्थानाचे भय घातले. आणि ते संकट 'आताच' येणार असल्याने खातरजमा करण्यास कोणास वेळच ठेवला नाही.

हाकेत भावना नव्हती, असे मात्र कोणी समजू नये. महाडच्या हाकेत अभिमान होता, संतापही होता. भावना जागविणे हा दोष नव्हे; तिच्यावाचून कोणी शंभर मैल चालत नाही. फरक दुसरीकडे आहे. हल्ल्यानंतर परिषदेस आलेली माणसे, ज्यांत लष्करातून निवृत्त झालेले कितीतरी होते, प्रतिकारास सज्ज होती. बाबासाहेबांनी त्यांना आवरले आणि ती थांबली. तिकडे आवईने जमविलेल्या जमावाला 'थांबा' म्हणणारे कोणी नव्हते, कारण त्याला 'या' म्हणणाराच कोणी नव्हता.

डिसेंबरमध्ये याहून कठीण कसोटी लागली. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. तेव्हा पुन्हा महाडला सत्याग्रह करण्याचे ठरले. १४ डिसेंबरला न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. २५ डिसेंबरला परिषद भरली. बाबासाहेबांनी या सभेची तुलना १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रीय सभेशी केली आणि प्रश्न केवळ पाण्याचा नसून समतेचा आहे, हे समजाविले. त्या रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. जवळजवळ चार हजार लोकांनी सत्याग्रहासाठी नावे नोंदविली. जिल्हाधिकारी स्वतः परिषदेत येऊन बोलले. सत्याग्रह करावाच, असे अनेकांचे मत होते. पेटलेल्या सभेला पुढे लोटणे सोपे होते. बाबासाहेबांनी कारणे सांगून सत्याग्रह तहकूब करण्याचा ठराव मांडला. लोकांनी तो मानला, तळ्याभोवती मिरवणूक काढली आणि ते परतले. पुढे १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात तळ्याचा निकाल आपल्या बाजूने लागला.

आज सभा-मोर्चांचे संदेश सर्वच पक्षांकडून येतात आणि आपल्या माणसांकडूनही येतात. त्यांतील ठरावीक शब्द पाहा. 'लाखोंच्या संख्येने' म्हटले की सगळे जाणारच आहेत, मागे राहणारा एकटा पडेल, असे वाटते. 'आता नाही तर कधीच नाही' हे शब्द विचाराचा अवधी काढून घेतात. 'न येणारा आपला नव्हे' हे वाक्य प्रश्न विचारणाऱ्यालाच संशयित ठरविते. हे शब्द आढळले म्हणून संदेश खोटा ठरत नाही. पण तेवढेच शब्द असतील आणि मागणी, आधार व सांगणाऱ्याचे नाव नसेल, तर ती आवई समजावी.

म्हणून आम्ही आता दहावीच्या वर्गात एक तास यासाठीच ठेवतो. संदेश फळ्यावर लिहितो आणि मुलांना विचारावयास लावतो : बोलावतो कोण? घटना कोणत्या तारखेची, कोठली? मागणी काय आणि ती कोणाकडे? तेथे जाऊन आपण नेमके काय करावयाचे? गोंधळ झाल्यास आपल्याला परत आणण्याची जबाबदारी कोणाची? ऐकीव आहे म्हणून, किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणूनही एखादी गोष्ट मानू नका, हा भगवान बुद्धांनी कालामांना केलेला उपदेश मुलांना पाठ असतो. तो गुरूलाही लागू करावयाचा असतो, हे त्या रात्री आमच्या विद्यार्थ्याने आम्हांस दाखविले.

शताब्दीच्या वर्षी महाडला येण्याच्या हाका चोहोंकडून येतील. आपण अवश्य जावे. जाण्यापूर्वी मुलांनी हे प्रश्न विचारले, तर मोठ्यांनी त्यांच्यावर रागावू नये, एवढीच पालकांना आणि शिक्षकबंधूंना आमची विनंती आहे.