युवक–पालक संघर्ष

युवक–पालक संघर्ष म्हणजे महाविद्यालयीन वयातील (साधारणतः १८ ते २५ वर्षे) मुलेमुली आणि त्यांचे आईवडील यांच्यात शिक्षण, खर्च, विवाह व दैनंदिन वर्तन यांवरून होणारा संघर्ष होय. कायद्याने मिळालेली सज्ञानता आणि टिकून राहिलेले आर्थिक परावलंबन यांतील अंतर हे त्याचे एक प्रमुख कारण आहे.

पार्श्वभूमी

शिक्षणाचा काळ लांबल्याने नोकरी व विवाह पुढे गेले. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेफ्री आर्नेट यांनी २००० साली या वयोगटासाठी ‘उदयोन्मुख प्रौढत्व’ ही संकल्पना मांडली. संघर्ष मात्र जुनाच आहे. गोपाळ गणेश आगरकर (१८५६–१८९५) यांनी विद्यार्थिदशेत आईला पत्र लिहून, मोठ्या पगाराच्या नोकरीची आशा न धरण्याविषयी कळवले होते.

कायदेशीर स्थिती

भारतीय सज्ञानता अधिनियम, १८७५ नुसार व्यक्ती १८ व्या वर्षी सज्ञान होते. ६१ व्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वयही २१ वरून १८ वर आले. विवाहासाठी मात्र पुरुषाचे किमान वय २१ आहे. शफीन जहाँ विरुद्ध अशोकन के. एम. (२०१८) या केरळमधील खटल्यात, सज्ञान व्यक्तीचा जोडीदार निवडण्याचा अधिकार पालकांच्या इच्छेवर अवलंबून नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. दुसरीकडे, सज्ञान व सुदृढ मुलाच्या पालनपोषणाचे बंधन कायद्याने पालकांवर सर्वसाधारणपणे नसते. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ नुसार स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या अविवाहित मुलीबाबत ते कायम राहते.

स्वरूप

बारावीनंतरची शाखानिवड, वसतिगृहात राहणे, घरी परतण्याची वेळ, मैत्री आणि आंतरजातीय विवाह हे वादाचे नेहमीचे विषय होत. वेळेचे निर्बंध मुलींवर अधिक असतात. शैक्षणिक कर्जात पालक बहुधा सहकर्जदार असतात. त्यामुळे अभ्यासक्रम अर्धवट सोडल्यास हप्त्यांचा भार त्यांच्यावरही येतो. परिणामी, मुलाला जो स्वतःचा निर्णय वाटतो, तो पालकांना घराचा निर्णय वाटतो.

निराकरण

निर्णय कोणाचा आणि खर्च कोणाचा, हे दोन प्रश्न वेगळे केल्यास वाद आटोक्यात राहतो. प्रवेशापूर्वीच शुल्क, कर्जाची मुदत आणि अपयश आल्यास पर्यायी मार्ग यांवर बोलणे हितावह ठरते. दोघांचाही विश्वास असलेली नातलग व्यक्ती किंवा समुपदेशक मध्यस्थी करू शकतो. मानसिक ताण वाढल्यास ‘टेलि-मानस’ या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मदत मिळते. मारहाण, कोंडून ठेवणे वा सक्तीचा विवाह यांची गणना मतभेदात होत नाही. तेथे कायद्याचे संरक्षण मागता येते.