आकार गेला की अधिकार गेला

गाय अथवा म्हैस व्याल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत जो दाट, पिवळसर चीक निघतो, त्यात थोडे दूध, गूळ आणि वेलदोड्याची पूड घालून तो वाफेवर ठेवला असता, विरजण नाही, लिंबू नाही, पिठाचा कणही नाही, अशा स्थितीत तो आपोआप थिजतो आणि त्याचा खरवस होतो. उलट नेहमीचे दूध कितीही वेळ उकळले तरी ते आटेल, साय धरेल, पण थिजणार म्हणून नाही. जाणती गृहिणी पहिल्या दिवसाच्या चिकात दूध सढळ हाताने घालते आणि तिसऱ्या दिवशी हात आखडता घेते, त्या शिरस्त्याच्या मुळाशी प्रथिनांच्या रसायनशास्त्रातील एक मूलभूत तत्त्व आहे.

गाईच्या नेहमीच्या दुधात प्रथिने ३ ते ३.५ टक्के असतात आणि त्यांतील बहुतांश केसीन असते. या केसीनची मुळातच पक्की घडी नसल्यामुळे उष्णतेला तेथे मोडण्यासारखे फारसे काही सापडत नाही. पहिल्या धारेच्या चिकात मात्र प्रथिनांचे प्रमाण जवळजवळ चौपट असून, त्यांतील फार मोठा वाटा प्रतिपिंडांचा, म्हणजे रोगजंतूंना ओळखून त्यांना चिकटणाऱ्या प्रथिनांचा असतो. वासरू जन्मते तेव्हा त्याच्या रक्तात ही संरक्षक द्रव्ये जवळपास नसतातच, सबब ती आईच्या चिकावाटे पुरवण्याची तजवीज निसर्गाने करून ठेवली आहे. वाफेने या प्रतिपिंडांची घडी उलगडते, आत दडलेले पाण्याशी फटकून वागणारे भाग उघडे पडतात, ते शेजारच्या तशाच उघड्या भागांना चिकटतात आणि त्या जाळ्यात पाणी अडकून खरवस तयार होतो. त्याचे पोषणमूल्य कायम राहते. परंतु जंतूंना ओळखण्याचा जो अधिकार त्या प्रथिनांना केवळ आकारामुळे मिळाला होता, तो संपुष्टात येतो.

प्रथिन म्हणजे वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची एक लांब साखळी. ती स्वतःभोवती वळून विशिष्ट आकार धारण करते तेव्हाच तिला काही कार्य करता येते. हा आकार सांभाळणारे बहुतेक बंध एकेकटे अत्यंत दुर्बल असतात, आणि घडी घातलेल्या अवस्थेचे उलगडलेल्या अवस्थेवरील वर्चस्व इतके अल्प असते, की परिस्थितीत थोडा पालट झाला तरी पारडे फिरते. १९३१ साली ह्सिएन वू या चिनी जीवरसायनज्ञाने प्रतिपादन केले, की घडी मोडण्याच्या या क्रियेत, म्हणजे विकृतीकरणात, साखळी तुटत नसून तिची नियमबद्ध मांडणी तेवढी विस्कटते. पागोटे सोडले म्हणजे कापड फाटत नाही; पण ते पागोटे राहत नाही, तसाच हा प्रकार होय.

घडी मोडणारी कारणे अनेक आहेत. उष्णतेने साखळीची हालचाल वाढून दुर्बल बंध सुटतात. अंड्याच्या पांढऱ्या बलकातील काही प्रथिने ६० अंश सेल्सियसच्या थोडे पुढे थिजू लागतात, तर त्यातील प्रमुख प्रथिन, ओव्हाल्ब्युमिन, ८० अंशांच्या आसपास हार मानते. आम्लाने साखळीवरील विद्युत्‌भारांचा समतोल ढळतो. जठरातील आम्ल अन्नातील प्रथिने अशीच उलगडून पाचक रसांच्या स्वाधीन करते. पारा आणि शिसे प्रथिनांतील गंधकाला जाऊन बिलगतात. निर्भेळ अल्कोहोलपेक्षा ७० टक्के अल्कोहोल जंतुनाशक म्हणून सरस ठरते, कारण पाण्याचा हातभार असल्याखेरीज अल्कोहोलला जंतूंच्या प्रथिनांची घडी नीट मोडता येत नाही. आणि नुसते घुसळणेही पुरते, हे बलक फेटून त्याचा पांढराशुभ्र फेस करणाऱ्या कोणालाही सांगावयास नको.

मग मोडलेली घडी पुन्हा बसते काय? या प्रश्नाचा निकाल अमेरिकेतील बेथेस्डा येथे ख्रिश्चन अन्फिन्सेन यांनी लावला. त्यांनी १२४ अमिनो आम्लांचे रायबोन्यूक्लिएज हे एन्झाइम तीव्र यूरियात ठेवून त्याची घडी मोडली आणि साखळीला जागोजाग सांधणारे गंधकाचे चारही दुवे दुसऱ्या रसायनाने तोडले; एन्झाइमचे कार्य थांबले. नंतर ती दोन्ही द्रव्ये काढून टाकून द्रावण हवेत ठेवताच, कोणाच्याही हुकुमाविना, साखळीने आपला पूर्वीचा आकार धारण केला आणि कार्यही परत आले. ते चार दुवे एकंदर १०५ प्रकारे जुळू शकतात, आणि त्यांतील एकच प्रकार बरोबर आहे. तो साखळीने स्वतः शोधला, याचा अर्थ आकाराचा संपूर्ण आराखडा अमिनो आम्लांच्या क्रमातच नमूद असतो. या कार्याबद्दल १९७२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला.

उकडलेले अंडे मात्र पूर्ववत होत नाही, कारण तेथे दाटीवाटीने उलगडलेल्या साखळ्या घडी घालण्यापूर्वीच एकमेकींत गुंतून बसतात. पेशीत तर याहून अधिक दाटी. म्हणून तेथे याचा स्वतंत्र बंदोबस्त असतो. १९६२ मध्ये फेरुच्चो रितोस्सा यांना फळमाशीच्या अळ्यांना अधिक उष्णता लागताच त्यांच्या गुणसूत्रांवर काही ठिकाणी फुगवटे आलेले दिसले. तेथे जी प्रथिने निर्माण करण्याचा आदेश सुटत होता, त्यांतील अनेक इतर प्रथिनांना गुंत्यापासून वाचवून घडी घालण्यास साह्य करणारी होती, हे पुढे स्पष्ट झाले.

औषधाच्या कुपीत असा कोणी पहारेकरी नसतो. इन्सुलिन हे ५१ अमिनो आम्लांचे लहानसे प्रथिन. विदर्भातील उन्हाळ्यात उभ्या केलेल्या मोटारीत ते विसरले, जोरजोराने हलवले अथवा शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवले, तर त्याचा आकार, आणि आकाराबरोबर गुणही, जाण्याचा धोका असतो. न उघडलेली कुपी २ ते ८ अंशांतच ठेवावी. आणि एकदा गोठलेले इन्सुलिन, वितळल्यावर दिसायला कितीही स्वच्छ असले तरी, रुग्णाला न देता टाकून द्यावे.