मुअल्लिम : समुद्रावरचा शिक्षक

उर्दू शाळेतली मुले शिक्षकाला मुअल्लिम म्हणतात. अरबी समुद्रावर हाच शब्द जहाजाला वाट दाखवणाऱ्या माणसासाठी होता. जहाजाचा कारभार नाखुदाकडे, पण वाट सांगणार मुअल्लिम. कच्छ-गुजरातेत त्याचेच 'मालम' झाले. या मुअल्लिमांत अहमद इब्न माजिद यांचे नाव फार मोठे.

ते पंधराव्या शतकातले, जुल्फारचे. हे बंदर आजच्या अमिरातीत रास अल-खैमाजवळ होते. आजोबा मुअल्लिम, वालिदही मुअल्लिम. वालिदांनी तांबड्या समुद्राच्या वाटांवर हजाराहून अधिक ओळींचे काव्य रचले होते. खडकांनी भरलेल्या त्या समुद्रात चूक झाली की जहाज गेलेच. काव्य तोंडपाठ राहते, म्हणून हे इल्म पद्यात ठेवत.

इब्न माजिद यांनी वडिलांचे ज्ञान नुसते जपले नाही. सुमारे चाळीस वर्षे समुद्रावर घालवून ते ताडून पाहिले, त्यात भर घातली. 1490 च्या सुमारास लिहिलेल्या 'किताब अल-फवाइद'मध्ये बारा प्रकरणांत त्यांनी तारे, वारे, बंदरे आणि किनाऱ्याच्या खुणा मांडल्या. पाण्यातले साप आणि पक्षीसुद्धा जमीन जवळ आल्याचे सांगतात, हेही त्यात आहे.

त्या काळचे मुअल्लिम लाकडी फळीला गाठी मारलेली दोरी बांधत. फळी समोर धरून खालची कड क्षितिजाला आणि वरची ताऱ्याला लावायची, की ताऱ्याची उंची कळे. ती 'इसबा' म्हणजे बोटांत मोजत. होकायंत्राच्या 32 दिशांना ताऱ्यांच्या उगवत्या-मावळत्या जागांची नावे होती. कधी निघायचे हे 'मौसिम' ठरवी. आपला मान्सून याच शब्दावरून आला.

त्यांच्या नावावर एक आरोप आहे. 1498 च्या एप्रिलमध्ये मालिंदीहून निघालेल्या वास्को द गामाला त्यांनीच कालिकतची वाट दाखवली, असे सोळाव्या शतकातल्या एका अरबी इतिहासकाराने लिहिले. पण पोर्तुगीज इतिहासकार बारोस यांच्या लिखाणात तो वाटाड्या गुजरातचा मुसलमान आहे. आजचे अनेक अभ्यासकही इब्न माजिद यांना त्यातून वगळतात. तरीही शाळेच्या गोष्टींत त्यांचे नाव सुटत नाही. त्यांनी जन्मभर केलेले काम मागे पडले आणि न केलेली गोष्ट पुढे आली. त्यांचे काम आज आपल्याला कळते, ते त्यांनी स्वतः लिहून ठेवले म्हणून.

आपल्या कोकणात सारंग, तांडेल, नाखवा ही आडनावे अजून आहेत. ज्यांनी ही कामे केली, त्यांच्यापैकी किती जणांनी काही लिहून ठेवले? घरात कुणी बोटीवर नोकरी केलेले आजोबा किंवा चाचा असतील, तर एका सुट्टीत मुलांना वही घेऊन त्यांच्याजवळ बसवा. कोणती बंदरे पाहिली, वादळात काय केले, तारे कसे ओळखले, एवढे विचारले तरी पानांमागून पाने भरतील.