पैठणीला उलटी बाजू नसते

दुकानदार पैठणी दाखवताना पदर गादीवर पसरतो, मोराच्या पिसाऱ्यावरून हात फिरवतो आणि किंमत सांगतो. त्या वेळी शांतपणे पदराचं टोक उचलून मागची बाजू पाहावी. हातविणीची पैठणी असेल तर मागेही तोच मोर दिसतो, तितकाच स्वच्छ. फरक इतकाच की त्याचं तोंड दुसऱ्या दिशेला वळलेलं असतं. लोंबणारा धागा नाही, गाठींचा गुंता नाही. साडीवर इतकी नक्षी आहे आणि तिच्या पाठीमागे कसलाच पसारा नाही, हे कसं जमतं?

नक्षीदार कापडात सहसा मूळ कापड आधीच पुरेसं असतं आणि नक्षीचा धागा वरून जास्तीचा घातलेला असतो. बनारसीच्या अनेक प्रकारांत हा जादा धागा फुलापुरता वर येतो आणि मधल्या जागेत पाठीमागून मोकळा धावतो. विणून झालं की तो कापून टाकतात. पैठणीच्या पदरात असा जादा धागा नसतोच. आडव्या धाग्यानं, म्हणजे बाण्यानं, कापडही विणायचं आणि चित्रही काढायचं. मोराची मान जिथे निळी आहे तिथे बाणाच निळा असतो. ती मान काढून टाकायची म्हटली, तर त्या जागी पदराला भोकच पडेल.

अशा विणीत एकच धोटा या काठापासून त्या काठापर्यंत फेकून चालत नाही. प्रत्येक रंगासाठी धागा गुंडाळलेली वेगळी छोटी काडी लागते, येवल्याचे विणकर तिला तिल्ली म्हणतात. भरगच्च पदरात एका ओळीवर अशा कितीतरी तिल्ल्या एकाच वेळी लोंबत असतात. विणकर बोटांनी ताण्याचे, म्हणजे उभे, धागे मोजतो, जरीची तिल्ली मोराच्या कडेपर्यंत नेतो आणि थांबतो. तिथून पुढे निळी, मग हिरवी, मग परत जर. पुढच्या ओळीत प्रत्येक धागा आपापल्या हद्दीतून मागे फिरतो.

मात्र दोन रंग एकमेकांना न भेटता आपापल्या हद्दीवरून परत फिरले, तर दोघांच्या मधे उभी फट पडते. किलीम विणणारे ती फट बिनदिक्कत राहू देतात, कारण सतरंजी जमिनीवर पडून असते. साडीला ते परवडत नाही. तिचा पदर ओढला जातो, खोचला जातो, लेकरं त्याला लोंबकळतात. म्हणून पैठणीत शेजारचे दोन धागे हद्दीवर एकमेकांत अडकवून मगच मागे वळवतात. प्रत्येक ओळीत, प्रत्येक रंगाच्या प्रत्येक कडेला. दिवसभर मागावर बसून पदर काही बोटंच पुढे सरकतो तो यामुळे. फार भरजरी पैठणीला वर्षभर किंवा त्याहूनही जास्त लागतं. टीव्हीवरच्या ‘होम मिनिस्टर’ या कार्यक्रमात ती दोन मिनिटांत जिंकता येत असे, हा भाग वेगळा.

काठाचंही तेच. अंग हिरवं आणि काठ जरीचा असेल, तर अंगाला एक धोटा आणि दोन काठांना दोन, असे तीन धोटे चालतात आणि दर फेरीला अंगाचा धागा काठाच्या धाग्याला पकडतो. कांजीवरममध्ये कोरवई म्हणतात ती हीच युक्ती. काश्मीरच्या कानी शालीतही काड्यांवर गुंडाळलेल्या रंगीत धाग्यांची अशीच अडकवाअडकव असते. हवामान वेगळं, धागा वेगळा, अक्कल तीच.

पैठणीची नक्षी जवळून पाहिली तर मोराची मान गोल नसते, पायऱ्यापायऱ्यांची असते. धागे उभे आणि आडवेच असल्यानं वळण घ्यायचं तर एकेक घर सरकावं लागतं. नारळी काठाचे त्रिकोण, आसावलीची वेल, मुनिया म्हणजे पोपट, सगळे याच पायऱ्यांनी घडतात. सोनेरी जमिनीवर रेशमाचे हे सपाट, स्वच्छ कडांचे रंग दागिन्यातल्या मीनाकामासारखे दिसतात. अंगाची धूपछाव मात्र त्यामानानं सोपी आहे. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या, म्हणून साडी हलली की रंग पालटतो. बायका मात्र आधी त्यालाच भुलतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

नाव पैठणचं असलं तरी आज सर्वाधिक माग येवल्यात आहेत. २०१० मध्ये पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं. तरी बाजारात ‘सेमी पैठणी’ ढिगानं मिळते. ती यंत्रमागावरची असते, आणि तिची मागची बाजू पाहिली की बहुधा सगळं कळतं. स्वस्तात हौस भागते, त्याबद्दल नाक मुरडण्याचं कारण नाही. फक्त पैसे सेमीचेच द्यावेत.

खूप जुन्या पैठण्या अख्ख्या सहसा सापडत नाहीत, त्याला कारण त्यांची जर. ती चांदीची असे, वर सोन्याचं पाणी. साडी विरली की दारावर येणाऱ्याला ती विकायची, तो ती जाळून चांदी काढून घेई. ज्या घरांना हे जिवावर आलं, त्यांनी काठपदर उतरवून नव्या रेशमाला जोडले. जोडताना कुठली बाजू वर घ्यायची, हा प्रश्नच नव्हता. एक बाजू मळली असेल तर दुसरी वर घ्यायची.