झाडे मोजताना त्यांची मांडणीही पाहा

काशीला गेल्यावर आपण बहुधा घाट आणि विश्वनाथ करून परततो. एक दिवस हाताशी असेल, तर सुमारे 70 किलोमीटरवरचे चंदौली जिल्ह्यातले चंद्रप्रभा अभयारण्य जरूर पाहावे. विंध्याच्या खडकाळ उतारावरचे हे पानगळीचे जंगल. तेंदू, खैर, धावडा, सालई ही इथली झाडे. बनारस हिंदू विद्यापीठात रामदेव मिश्रा यांनी परिस्थितिकीची मोठी परंपरा घडवली. तिथले अभ्यासक विंध्यातल्या जंगलांत वर्षानुवर्षे झाडे मोजत आले आहेत.

जंगलात झाडे कशी पसरली आहेत, हे पाहायला दोरी, फीत आणि वही पुरते. वनखात्याची परवानगी मात्र आधी घ्यावी.

प्रथम 10 मीटर बाजूचे चौरस आखावेत. पहिली चूक इथेच होते: सोयीसाठी आपण पायवाटेलगत आखतो आणि वाटेकडेची झाडे तर आधीच तोडलेली असतात. म्हणून जागा चिठ्ठ्या टाकून ठरवाव्यात.

आता एका जातीची झाडे मोजावीत. जमिनीपासून 1.37 मीटरवर घेर 30 सेंटिमीटर किंवा जास्त असेल तेच झाड धरावे. तोडलेल्या धावड्याच्या बुंध्यातून चार-पाच फुटवे येतात; ते मिळून झाड एकच. फुटवे वेगवेगळे मोजले की नसलेले पुंजके दिसू लागतात.

समजा दहा चौरसांत 0, 0, 1, 6, 0, 2, 5, 0, 0, 6 झाडे मिळाली. सरासरी 2. प्रत्येक आकड्याचे सरासरीपासूनचे अंतर काढून त्याचा वर्ग करावा, बेरजेला 9 ने भागावे. येते 6.9. याला विचरण म्हणतात, म्हणजे आकड्यांचा विखुरलेपणा. त्याला सरासरीने भागले की सुमारे 3.4. उत्तर 1 च्या आसपास असते तर झाडे कशीही पसरलेली. बरेच कमी असते तर लावलेल्या बागेसारखी समान अंतरावर. इथे उत्तर 1 हून बरेच जास्त, म्हणजे झाडे पुंजक्यांनी आहेत.

पण चौरसाचा आकार बदलला की उत्तरही बदलू शकते. पुंजका चौरसाहून मोठा असेल, तर एकाच आकारावर विसंबू नये. 5 आणि 20 मीटरनेही मोजून पाहावे.

पुंजक्यांचे कारण शोधायला पुन्हा जमिनीकडे वळावे. पावसाने माती वाहून गेलेल्या जागी तेंदूची आडवी मुळी उघडी दिसते आणि तिच्यावरच ओळीने कोंब फुटलेले असतात. वेगळी वाटणारी चार रोपे एकाच झाडाची निघतात.