उष्णतेचे वजन आणि घड्याळाची चाल

आम्ही इतिहासाचे शिक्षक. भौतिकशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. परंतु एखादे सर्वमान्य वाक्य कोणी, केव्हा आणि कशाच्या आधारे तपासून पाहिले, हा प्रश्न मात्र आमचाच आहे. संपर्कातील वस्तूंमधील उष्णतेचे वहन थांबले की त्यांचे तापमान समान झालेले असते, हे आपण सर्वांनी शाळेत पाठ केले. १९३० साली अमेरिकेतील रिचर्ड टोलमन आणि हॉलंडमधील लायडन विद्यापीठाचे पॉल एहरेनफेस्ट यांनी हे वाक्य आइन्स्टाइनच्या सामान्य सापेक्षता सिद्धान्ताच्या कसोटीवर पारखले. ते अपुरे ठरले.

ऊर्जेला वस्तुमान आहे. म्हणून उष्णतेलाही वजन आहे. एक उंच, चहूबाजूंनी बंदिस्त स्तंभ कल्पावा. त्यात वरून खाली येणारा प्रकाश, पडणाऱ्या दगडाप्रमाणे, ऊर्जा मिळवितो. खालून वर जाणारा ती गमावितो. माथ्याचे आणि तळाचे तापमान समान असेल, तर तळाला सतत अधिक ऊर्जा मिळत राहील, म्हणजे समतोल टिकणारच नाही. वहन थांबावयाचे तर तळ माथ्यापेक्षा किंचित उष्ण असलाच पाहिजे.

किती उष्ण? येथे काळाचा प्रवेश होतो. तळाचे घड्याळ माथ्याच्या घड्याळापेक्षा मंद चालते. हार्वर्ड विद्यापीठात पाउंड आणि रेब्का यांनी १९६० साली २२.५ मीटरच्या मनोऱ्यात गॅमा किरणांच्या साहाय्याने हा परिणाम मोजला. २०१० साली अमेरिकेतच अवघ्या ३३ सेंटीमीटरच्या फरकाने ठेवलेल्या दोन अणुघड्याळांतही तो आढळला. घड्याळ ज्या प्रमाणात मंद, त्याच प्रमाणात तापमान अधिक. घड्याळाची चाल आणि तापमान यांचा गुणाकार स्तंभभर एकच राहतो. समतोलात समान असतो तो हा गुणाकार.

पृथ्वीवर हा फरक दर मीटरला एकावर सोळा शून्ये इतक्या भागांतील जेमतेम एक भाग आहे. तो दाखवील असा तापमापक नाही. (महाबळेश्वरच्या गारव्याशी त्याचा संबंध कोणी जोडू नये, तेथे तर उंचावर थंडी असते ती मुख्यतः वर चढणारी हवा प्रसरण पावून थंड होते म्हणून.) न्यूट्रॉन ताऱ्याची गोष्ट निराळी. त्याच्या पृष्ठभागावरील घड्याळ दूरच्या घड्याळापेक्षा सुमारे एक पंचमांशाने मंद चालते. साहजिकच त्याचे तापमानही दुरून तेवढेच कमी भासते, आणि खगोलशास्त्रज्ञांना आपल्या आकड्यांत तेवढी दुरुस्ती करावी लागते.